जेलन हर्ट्स अलाबामात थांबला तो निष्ठेपोटी, की हिशोब करून?

निवांत_ह्यूस्टन

फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक फायनल, जिंकला, जेलन हर्ट्स सामन्याचा मानकरी ठरला आणि तेव्हापासून त्याच्या कॉलेजच्या दिवसांची गोष्ट फिरतेय. ऐन फायनलमध्ये पोराला बाकावर बसवलं, त्याने हूं की चूं केलं नाही, वर्षभर मुकाट थांबला, संधी आली तेव्हा सोनं केलं. निष्ठा, संयम, संस्कार. काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती सूर्योदयाच्या फोटोसकट आली, तेव्हा म्हटलं आता धागा काढायचाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हर्ट्स ह्यूस्टनजवळच्या चॅनलव्ह्यूचा. वडीलच शाळेच्या टीमचे कोच. जानेवारी २०१६ मध्ये अलाबामा विद्यापीठात दाखल झाला आणि सप्टेंबरमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिथला क्वार्टरबॅक झाला. अलाबामात शाळेतून थेट आलेल्या पोराने पहिल्याच वर्षी मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळायचं, हे त्याआधी १९८४ मध्ये घडलं होतं. दोन वर्षांत दोनदा टीमला राष्ट्रीय फायनलला नेलं. ८ जानेवारी २०१८, अटलांटा, जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध दुसरी फायनल. मध्यंतराला ०-१३. हर्ट्सचे ८ पैकी ३ पास पूर्ण, एकूण २१ यार्ड. कोच निक सेबनने त्याला बसवलं आणि टुआ टॅगोवायलोआ नावाच्या डावखुऱ्या नवख्याला उतरवलं. टुआने ओव्हरटाइममध्ये २६-२३ ने सामना काढला. हर्ट्सची जागा गेली ती गेली.

आता माझा मुद्दा. तेव्हाच्या नियमाने पदवी न घेता कॉलेज बदललं, तर एक सीझन बाहेर बसावं लागे. पदवी घेऊन बदललं, तर लगेच खेळता येई. म्हणजे हर्ट्स २०१८ मध्ये रुसून निघून गेला असता तरी मैदानात २०१९ लाच दिसला असता. थांबून डिसेंबर २०१८ मध्ये, तीन वर्षांत डिग्री पूर्ण केली आणि ओक्लाहोमाला गेला, तरी २०१९ लाच. मग घाई कशाला? डिग्री पदरात, सराव चालू, शिवाय पुढच्याला दुखापत झाली तर आपण आहोतच. ही निष्ठा नाही, व्यवहार आहे, आणि मला तो निष्ठेपेक्षा जास्त आवडतो. तुम्हाला काय वाटतं?

अळूवडी

वाचतेय. पण आधी एक बाळबोध प्रश्न. क्वार्टरबॅकचं एवढं काय असतं? अकरा जण खेळतात ना?

खडूस_काका

अळूवडी ताई, अकरा खेळतात पण प्रत्येक चालीत बॉल आधी त्याच्या हातात येतो. वाकलेला सेंटर पायांतून मागे बॉल देतो. मग याला साधारण तीन सेकंद. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच जण त्याला आडवा करायला धावत असतात आणि त्याच वेळी याने बघायचं, की आपले धावणारे कुठे आहेत, कोण मोकळा आहे. फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, की स्वतः पळायचं. चुकला तर बॉल समोरच्यांचा. त्यामुळे जिंकलं की हार याच्याच गळ्यात आणि हरलं की जोडेही यालाच.

धाग्याबद्दल: रणजी फायनलमध्ये लंचला कप्तानाला घरी पाठवून एकोणीस वर्षांखालच्या पोराला बॅट देण्यासारखं होतं ते. सेबनच्या जागी दुसरा कोणी असता आणि हरला असता, तर गावात फिरणं मुश्कील झालं असतं.

मिरजेचा_मक्या

काका, क्रिकेटमध्ये लंचला बदली खेळाडूला बॅट देता येत नाही. हरकत नोंदवून घ्या.

खडूस_काका

नोंदवली आणि फेटाळली.

टस्कलूसाकर

मी टस्कलूसाला, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावी, एम. एस. केलं, हर्ट्सच्याच काळात. त्यामुळे हा धागा माझा आहे असं समजतो.

अलाबामात फुटबॉल काय आहे हे बाहेरून कळत नाही. राज्यात एनएफएलची, म्हणजे मोठ्या व्यावसायिक लीगची, टीम एकही नाही, त्यामुळे जे काय आहे ते हेच. ब्रायंट-डेनी स्टेडियमात एक लाखाच्या आसपास माणूस बसतो, म्हणजे जवळपास गावच्या लोकसंख्येएवढा. मॅचच्या शनिवारी कॅम्पसवरच्या हिरवळीवर, क्वाडवर, तंबूला तंबू लागलेले, सकाळी आठला कोंबडीच्या भाजण्याचा धूर, आणि आमच्यासारखे लॅबमध्ये निघालेले त्या धुरातून नाक धरून वाट काढतायत. रिझल्ट कसा लागला ते सोमवारी गाइडच्या चेहऱ्यावर दिसायचं.

हर्ट्सची पहिली मॅच आम्ही अपार्टमेंटमध्ये बघितली. ३ सप्टेंबर २०१६, आर्लिंग्टनला, यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध. सुरुवात ब्लेक बार्नेटने केली होती. हर्ट्सला आणलं आणि पहिल्याच चालीत पोराच्या हातून बॉल निसटला! यूएससीने उचलला. आमच्यातला एक तेलुगू मित्र म्हणाला, झालं, आता हा परत दिसत नाही. पण सेबनने ठेवला. मग दोन टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) पास देऊन, दोन स्वतः पळून, आणि निकाल ५२-६. त्या वर्षाअखेरीस तो अख्ख्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा (अलाबामा ज्या कॉलेज-गटात खेळते तो) आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

निवांत, तुमचं गणित नियमाच्या पुस्तकात बरोबर आहे. पण त्या गावात त्या वर्षी तो रोज सकाळी सरावाला जात होता. लोक त्याच्यादेखत टुआचे जर्सी घालून फिरत होते. हे गणितात कुठे धरलंय?

केतकी_एन

टस्कलूसाकर +१

आणि सगळे २०१८ चीच फायनल धरून बसलेत, आदल्या वर्षीची कोणाला आठवते का? ९ जानेवारी २०१७, टँपा, क्लेमसनविरुद्ध. दोन मिनिटं सात सेकंद बाकी असताना हर्ट्स ३० यार्ड पळत गेला आणि अलाबामा ३१-२८ ने पुढे. अठरा वर्षांचा पोरगा, जेतेपद हातात आलेलं. मग डेशॉन वॉटसनने मैदानभर चाल रचली आणि एक सेकंद शिल्लक असताना हंटर रेनफ्रोला पास. ३५-३१. बचाव फळीने एक चाल अडवली असती तर हर्ट्स पहिल्याच वर्षी विजेता होता, आणि पुढे त्याला बसवणं सेबनला इतकं सोपं गेलं नसतं.

मिरजेचा_मक्या

मी पॉपकॉर्न आणलेत. कोणी तरी सेबनची बाजू घ्या, एकतर्फी चाललंय.

सव्वीस_यार्ड

घेतो. आयडीवरून कळलंच असेल, मी टुआच्या पार्टीचा.

हर्ट्सची २०१७ ची आकडेवारी काढून बघा. १७ टचडाउन पास आणि अख्ख्या सीझनमध्ये फक्त एक इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेला पास. बघणाऱ्याला वाटतं वा! पण एकच का, तर खात्री असल्याशिवाय तो फेकतच नव्हता. पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा दिसला नाही, की दुसऱ्या-तिसऱ्याकडे न बघता पळायला लागायचा. कमकुवत टीमपुढे ते चालून जातं. जॉर्जियाने त्याला पळायला वाटच ठेवली नाही, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता ती शेवटची चाल बघा. ओव्हरटाइममध्ये टुआ आधी १६ यार्ड मागे जाऊन आडवा झाला. चार चालींत दहा यार्ड पुढे जायचं असतं; इथे दुसरी चाल आणि गाठायचे २६ यार्ड. कोणताही शहाणा कोच तिथे थोडं पुढे सरकून किकची तयारी करेल. टुआने काय केलं? बॉल हातात आल्यावर मान दुसऱ्या बाजूला ठेवली, मागच्या राखणदाराला त्या नजरेने तिकडे अडकवलं, आणि मग वळून डाव्या कडेने सुटलेल्या डेव्हाँटा स्मिथला ४१ यार्डांचा पास. खेळ खलास. नजरेने माणूस हलवणं ही गोष्ट त्या वेळच्या हर्ट्सकडे नव्हती. सेबनने भावना बाजूला ठेवून बरोबर निर्णय घेतला.

टस्कलूसाकर

नव्हती, मान्य. पण शिकवली कोणी? २०१६ भर लेन किफिन चाली सांगत होता, तो फायनलच्या आठवडाभर आधी गेला आणि फायनलला सार्किसियन. २०१७ ला ब्रायन डेबोल. २०१८ ला माइक लॉक्सली. दर वर्षी नवा मास्तर, नवी परिभाषा. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने कोणाचं ऐकायचं?

सव्वीस_यार्ड

टुआलाही तेच मास्तर होते की.

केतकी_एन

टुआ २०१७ ला आला. किफिन त्याच्या वाट्याला आलाच नाही आणि डेबोलकडे तो बाकावर बसून शिकला, एक लाख लोकांसमोर नाही. फरक आहे.

अळूवडी

अवांतर होतंय पण विचारते. माझा मुलगा मिडल स्कूलला आहे, त्याला टीममध्ये जायचंय. तिथे क्वार्टरबॅक कोण, तर कोचचा मुलगा. यावर्षी, मागच्या वर्षी आणि बहुतेक पुढच्याही वर्षी. हर्ट्सचे वडीलही कोच होते म्हणता, मग त्यालाही तसंच मिळालं का?

खडूस_काका

ताई, थोरला भाऊही त्याच वडिलांच्या हाताखाली क्वार्टरबॅकच होता. तुमची शंका रास्त आहे. पण घरातल्या वशिल्याने अलाबामा स्कॉलरशिप देत नाही. हा पोरगा शाळेत पॉवरलिफ्टिंग करायचा, खांद्यावर ५०० पाउंड घेऊन बैठक मारायचा. किलोत २२५ च्या पुढे. माझी मोटरसायकलही एवढी भरत नाही.

तुमच्या मुलाला फ्लॅग फुटबॉल खेळवा आधी, कंबरेची पट्टी ओढायची, धडक नाही. डोक्याला मार लागण्याचं प्रकरण फार वाईट आहे. टुआचं पुढे प्रोमध्ये काय झालं ते बघितलंत तर झोप उडेल.

अळूवडी

बघितलं. सप्टेंबर २०२२ मधला तो व्हिडिओ, बोटं आखडलेली. तेव्हापासूनच मी टाळाटाळ करतेय. त्याचे बाबा म्हणतात खेळू दे.

निवांत_ह्यूस्टन

अळूवडी ताई, बाबांना या धाग्यावर पाठवा, आम्ही बघतो.

टस्कलूसाकर, तुमचं म्हणणं मनाला लागतं, पण 'मुकाट थांबला' हे मुळातच खरं नाही. एप्रिल २०१८ मध्ये वडील पत्रकाराला स्वच्छ सांगून मोकळे झाले होते, की जेलनला जागा मिळाली नाही तर तो कॉलेज फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फ्री एजंट (हव्या त्या टीमकडे जायला मोकळा खेळाडू) ठरेल. याला इशारा म्हणतात. ऑगस्टमध्ये हर्ट्स स्वतः पत्रकारांपुढे म्हणाला, की अख्ख्या वसंतातल्या सरावात कोचांसकट कोणी मला विचारलंही नाही, तुला काय वाटतंय म्हणून. व्हॉट्सॲपवाल्या गोष्टीत हा भाग गाळलेला असतो. संत नव्हता तो. चिडलेला, डोळे उघडे असलेला वीस वर्षांचा मुलगा होता.

टस्कलूसाकर

हो, त्या मुलाखतीने गावात खळबळ होती. आणि सेबन इतका वैतागला होता, की १ सप्टेंबरला लुइव्हिलला ५१-१४ धुतल्यानंतरसुद्धा टीव्हीवाल्या बाईंनी क्वार्टरबॅकबद्दल विचारताच कॅमेऱ्यासमोर अंगावर गेला. जिंकल्यावर! हरला असता तर काय केलं असतं.

राघू_डॅलस

उशिरा आलोय, पण धागाकर्त्याच्या हिशोबात एक मोठं भोक आहे आणि कोणी बोललंच नाही.

२०१८ पासून रेडशर्टचा नियम बदलला. तेव्हा पाच वर्षांत चार सीझन खेळता येत. एखाद्या सीझनमध्ये चार किंवा त्याहून कमी सामन्यांत उतरलात, तर तो सीझन तुमच्या खात्यात मोजतच नसत. म्हणजे हर्ट्सने चार मॅचनंतर 'मी आता उतरत नाही' म्हटलं असतं, तर २०१९ आणि २०२० अशी दोन वर्षं शिल्लक राहिली असती. क्लेमसनच्या केली ब्रायंटने नेमकं तेच केलं. त्याची जागा ट्रेव्हर लॉरेन्सला दिली, ब्रायंटने चार मॅच झाल्याबरोबर सप्टेंबरअखेर टीम सोडली आणि मिझूरीला गेला. नियमात बसणारं, कायदेशीर, चोख.

त्याच आठवड्यात, २९ सप्टेंबरला, हर्ट्स लुइझियानाविरुद्ध पाचव्या मॅचला उतरला. अख्ख्या देशाचं लक्ष होतं उतरतो की नाही याच्याकडे. उतरला, आणि एक वर्ष कायमचं गेलं. आता सांगा, हिशोब करणारा माणूस हे करेल?

मिरजेचा_मक्या

अरे बापरे. निवांतराव, उत्तर द्या. पॉपकॉर्न संपत आलेत.

केतकी_एन

राघू, हा प्रतिसाद पहिल्या पानावर हवा होता. _/\_

निवांत_ह्यूस्टन

ब्रायंटचा मुद्दा दमदार आहे. तरी सोडत नाही. ब्रायंटचं झालं काय? मिझूरीत सहा विजय, सहा पराभव, आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) सात फेऱ्यांत कोणी नाव घेतलं नाही. हर्ट्सला ईगल्सनी दुसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर घेतलं. पाचव्या मॅचला उतरून त्याने एक वर्ष घालवलं, पण ज्या टीममध्ये पुढचे कोच बघणार तिथे स्वतःचं नाव राखलं. तोही हिशोबच. लांब पल्ल्याचा.

राघू_डॅलस

म्हणजे वर्ष वाचवलं तरी हिशोब, घालवलं तरी हिशोब. मग हिशोब नाही असं काय उरलं? शिवाय २९ सप्टेंबरला त्याला काय ठाऊक, की डिसेंबरमध्ये टुआचा घोटा दुखावणार आहे?

सव्वीस_यार्ड

मी टुआवाला असूनही इथे राघूच्या बाजूने.

१ डिसेंबर २०१८. तेच अटलांटा, तेच स्टेडियम, समोर तीच जॉर्जिया. चौथ्या क्वार्टरमध्ये अलाबामा २१-२८ मागे आणि टुआ लंगडत बाहेर. ज्या मैदानावर अकरा महिन्यांपूर्वी बसवलं होतं तिथेच हर्ट्स उतरला. आणि गंमत बघा, तो आता लगेच पळत सुटत नव्हता. उभा राहून दुसरा, तिसरा रिसीव्हर शोधत होता! ९ पैकी ७ पास. जेरी जूडीला टचडाउन, २८-२८. मग जॉर्जियाच्या कोचला काय अवदसा आठवली, चौथ्या चालीला ११ यार्ड हवे असताना किकचं सोंग घेऊन जस्टिन फील्ड्सला पळवलं. फसलं. एक मिनिट चार सेकंद राहिले असताना हर्ट्स १५ यार्ड पळत टचडाउनला. ३५-२८. नंतर टीव्हीवर सेबनचा आवाज जड झाला होता. सेबनचा! मी बर्फ वितळताना बघितलाय, पण हे नाही.

वर्षभर बाकावर बसून तो माणूस नजर वळवायला शिकला होता. ते शिकायला तो थांबला असेल, तर मी त्याला सलाम करतो. नाव काहीही द्या.

खडूस_काका

त्या फसलेल्या चालीतला फील्ड्स पुढच्याच महिन्यात जॉर्जिया सोडून ओहायो स्टेटला गेला. आणि ओहायो स्टेटमध्ये जागा न मिळालेला जो बरो त्याआधीच, २०१८ च्या मे महिन्यात, पदवी घेऊन एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, गेला होता. २०१९ ला राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार टीमचे क्वार्टरबॅक मोजा: बरो, फील्ड्स, हर्ट्स, लॉरेन्स. चारातले तिघे दुसऱ्या कॉलेजातून आलेले. एकटा लॉरेन्स घरचा, आणि तोही ब्रायंटला उठवून बसलेला.

माहेरवाशीण_नॉर्मन

ओक्लाहोमावाल्यांना कोणी विचारणार आहे की नाही? आमच्याकडे फक्त एक वर्ष राहिला पण काय वर्ष होतं! आधीचे दोन्ही क्वार्टरबॅक, मेफील्ड आणि मरे, बाहेरून येऊन ओळीने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, घेऊन गेलेले. त्यामुळे याच्याकडून अपेक्षा माफक, म्हणजे फक्त तिसरी हाइझमन. पहिल्याच मॅचला ३३२ यार्ड पास, १७६ यार्ड पळून, सहा टचडाउन. आणि ते कोणाविरुद्ध? त्याच्या स्वतःच्या ह्यूस्टनविरुद्ध. निवांतराव, गप्प का?

बेलरविरुद्धची मॅच तर मी अर्ध्यात बंद करून कुकर लावला होता. ३-२८! कुकर उतरवेपर्यंत काय झालं काय माहीत, ३४-३१ ने जिंकलो. हाइझमनला दुसरा आला, बरोच्या मागे. आणि डिसेंबरअखेर त्याच बरोच्या एलएसयूने आम्हाला ६३-२८ असं हाणलं, की त्या विषयावर आमच्या घरात अजून बोलत नाहीत. तेही अटलांटातच.

निवांत_ह्यूस्टन

ह्यूस्टनची ती मॅच मी बघितली नाही, असं जाहीर करतो.

मिरजेचा_मक्या

पैशांचं काय पण? एवढी लाखभर माणसं तिकीट काढून येतात, कोच कोट्यधीश, आणि पोरांना?

राघू_डॅलस

तेव्हा काही नाही. फी, राहणं-खाणं, थोडा भत्ता. स्वतःच्या नावावर जाहिरात करून पैसे घ्यायची मुभा १ जुलै २०२१ पासून मिळाली, आणि बदली केल्यावर वर्षभर बसायची अटही त्याच वर्षी पहिल्या बदलीपुरती गेली. आजच्या नियमात जानेवारी २०१८ ची ती फायनल झाली असती, तर हर्ट्सने त्याच महिन्यात टीम बदलली असती आणि कोणी त्याला नावं ठेवली नसती. त्यामुळे थांबला याचं कौतुक करताना हेही बघा, की दारं किती उघडी होती. निवांतचा मूळ मुद्दा मला इथे पटतो. पाचव्या मॅचचं मात्र पटत नाही.

टस्कलूसाकर

डिसेंबर २०१८ च्या पदवीदानाला हर्ट्सचं नाव पुकारलं तेव्हा लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. तो निघून जाणार हे उघड होतं. टीम सोडून जाणाऱ्याला त्या गावात टाळ्या मिळत नाहीत हो. केली ब्रायंटचा क्लेमसनमध्ये असा निरोप झाला नाही. मला तुमच्या निष्ठा-हिशोबाच्या भानगडीत पडायचं नाही, पण गावाने त्याचा जो अर्थ लावला तो हा.

केतकी_एन

आणि ज्या डेव्हाँटा स्मिथने तो ४१ यार्डांचा पास घेऊन हर्ट्सची जागा घालवली, तोच २०२१ पासून ईगल्समध्ये हर्ट्सचे पास घेतोय. सुपर बोलमध्ये त्याला ४६ यार्डांचा टचडाउन पास दिला तो हर्ट्सनेच.

अळूवडी

इतकं वाचल्यावर एक तरी मॅच बघावीशी वाटतेय. मुलालाही बसवते शेजारी. कुठली बघू?

सव्वीस_यार्ड

१ डिसेंबर २०१८ ची, फक्त चौथा क्वार्टर. आधीचे तीन सोडलेत तरी चालेल. मुलाच्या बाबांना शेजारी बसवू नका, लगेच हेल्मेट विकत आणतील.